वार्लेनिट्समध्ये पाणी उतरत होतं

२ ऑगस्ट २०१८, गुरुवार. वार्लेनिट्स

पडले. तेही उतारावर नाही, रहदारीत नाही, तर गावाच्या वेशीतून आत शिरताना, त्या शेकडो वर्षं झिजलेल्या गुळगुळीत दगडांवर, आणि समोर आइस्क्रीम खात बसलेल्या अख्ख्या बसभर प्रवाशांदेखत. सायकल एकीकडे, पिशव्या दुसरीकडे, मी मधे. गुडघा बघता बघता टम्म फुगला. डॉक्टर म्हणाली, "फाटलं नाहीये काही, ओढलं गेलंय. तीन आठवडे सायकलला हात लावायचा नाही. वय किती?" एकसष्ट म्हटल्यावर तिने नुसत्या भुवया वर केल्या.

समुद्रापासून एल्ब नदीच्या कडेकडेने ड्रेस्डेनपर्यंत जायचं ठरवलं होतं. तिसरा हिस्साही झाला नाही.

'आंकर'मध्ये उतरले आहे. खाली खानावळ, वर पाच खोल्या, मागे बाग, आणि बाग संपते तिथे जुनं बंदर. नदीतून आत काढलेला चौकोनी डोह आहे तो, पूर्वी हिवाळ्यात बर्फापासून नावा वाचवायला वापरत. मालक एकहार्ट लेम्के साठीपुढचे, उंच, हात फावड्याएवढे. त्यांनी मला सरळ उचलूनच जिन्याने वर आणलं. मी म्हटलं, "अहो, सामान राहिलं खाली!" तर म्हणाले, "आधी नाजूक माल वर, मग बाकीचा."

त्यांची मुलगी डोरीन स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. "बाबा, पाठ धरली ना, तर मी नाही चोळून देणार," एवढंच म्हणाली. चेहऱ्यावर हसू नाही.

उर्सेलला फोन केला. खरं सांगितलं असतं तर बाईसाहेब लगेच गाडी काढून निघाल्या असत्या आणि ओल्डेनबुर्गला घरी पोचेपर्यंत 'मी म्हटलं नव्हतं?' ऐकावं लागलं असतं. म्हणून सांगितलं, सगळं छान, पुढे चाललेय, मधे मधे फोन लागणार नाही, काळजी करू नकोस. धाकट्या बहिणीशी खोटं बोलायला अजून मजा येते.

४ ऑगस्ट, शनिवार

सकाळची न्याहारी बागेतल्या बाकावर. लेम्के खुर्चीवर उशी ठेवून माझा पाय उचलून ठेवतात, मग स्वतः बंदराच्या भिंतीपाशी जातात. तिथे पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी आहे. तिच्यासमोर बराच वेळ उभे राहतात. वर आकाशाकडे बघतात, परत पट्टीकडे. मग येऊन कॉफी ओततात.

"किती उतरलं?" मी विचारलं.

"कालच्यापेक्षा तीन बोटं."

"पाऊस येईल हो."

"यायलाच पाहिजे," ते म्हणाले. इतक्या कळकळीने म्हणाले की मला वाईट वाटलं. पाणी नाही म्हणून पर्यटकांच्या बोटी बंद, बोटी बंद म्हणून जेवायला कुणी नाही. धंदा असा बसला की माणूस झोपणार कसा?

बेकरीवाल्या फ्राउ टेश पाव टाकायला येतात तेव्हा घटकाभर बसतात. सत्तरीच्या, जिभेला हाड नाही. म्हणाल्या, "आमच्या बेडकांच्या वकिलाने तुम्हाला उचलून नेलं म्हणे!"

"कुणाचा वकील?"

"बेडकांचा! बंदरातला गाळ काढायचा म्हणून नगरपालिकेने आजवर तीनदा ठराव केला. तिन्ही वेळा एकहार्ट उभा राहिला. बेडूक मरतील, करकोचे उपाशी राहतील. एवढा मोठा बाप्या बेडकांसाठी डोळ्यांत पाणी आणतो, मग कोण काय बोलणार? राहिला गाळ तसाच."

मला हे फार आवडलं. मी चौतीस वर्षं नाटकातल्या लोकांचे कपडे शिवले. त्यांच्यातल्या कुणी बेडकासाठी बोटही उचललं नसतं.

७ ऑगस्ट, मंगळवार

आज डोरीन बोलली. मी बटाटे सोलू लागले होते, बसल्या बसल्या होतं तेवढं. ती छत्तीसची आहे, लग्न झालं होतं, मोडलं. दिसायला बापासारखी, फक्त तोंड लहान. मी सहज म्हटलं, आई कुठे असते?

"विचारू नका," म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं. बर्लिनची भिंत पडल्यावर इकडून जो तो पलीकडे, पश्चिमेला पळाला. डॉक्टर गेला, शिक्षक गेले, निम्मा वर्ग गेला. तिची आई कारोलाही गेली. एक्याण्णवचा नोव्हेंबर. बिअर विकायला येणारा ल्युबेकचा एक विक्रेता होता, त्याच्याबरोबर. डोरीन तेव्हा नऊ वर्षांची, आजीकडे गेलेली. परत आली तर आई नाही आणि दारातली गाडीही नाही.

"नवीकोरी नव्हती, पण आमची पहिली पश्चिमेची गाडी. हिरवी ओपेल. त्या बयेने तीही ठेवली नाही."

"नंतर काही कळवलं?"

"एक वाढदिवसाचं कार्ड नाही. मी दर वाढदिवसाला खिडकीत बसायचे. मग चौदाव्या वर्षी ठरवलं, आली तर तोंडावर थुंकायचं." तिने बटाटा पातेल्यात असा टाकला की पाणी माझ्या अंगावर उडालं. "बाबांनी दुसरं लग्न केलं नाही. सगळ्या गावाने समजावलं."

रात्रीच्या जेवणात सोल्यांका सूप होतं, आंबट, लिंबाची फोड टाकून. लेम्केंनी माझ्या वाडग्यात स्वतःच्यातले सॉसेजचे तुकडे टाकले. मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघत होते. इतकं सोसून माणूस असा मऊ राहतो.

९ ऑगस्ट, गुरुवार

उकाडा. करकोचे चोची उघड्या ठेवून घरट्यात उभे. पाणी आणखी खाली. बंदराच्या कडेला गाळ उघडा पडून भेगाळलाय, वास येतो.

लेम्केंनी गुडघ्याची पट्टी बदलली. बोलता बोलता म्हणाले, "घरी कुणी वाट बघत असेल ना?"

कुणी नाही म्हटलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. बहिणीला वाटतंय मी आत्ता माग्डेबुर्गच्या जवळपास आहे. ते हसले. "म्हणजे तुम्ही इथे आहात हे कुणालाच माहीत नाही?" मी म्हटलं, "पळून आलेय असं समजा!" गुडघ्यावरचा त्यांचा हात थोडा वेळ तिथेच राहिला. माझं असं कुणी विचारून किती दिवस झाले.

११ ऑगस्ट, शनिवार

गावात खळबळ. नदीच्या उघड्या वाळूत, जुन्या धक्क्याखाली, युद्धातला तोफगोळा सापडला. फेरीबोट पकडायला आलेल्या एका कुटुंबाच्या कुत्र्याने उकरला! दुपारभर रस्ता बंद, स्फोटकं निकामी करणारी माणसं आली, गोळा घेऊन गेली. जाताना सांगून गेली की पाणी इतकं उतरलंय तेव्हा आता संपूर्ण किनारा तपासू. वीस तारखेच्या सोमवारी यंत्रं घेऊन येतील. किनारा आणि बंदर दोन्ही.

संध्याकाळी नगरपालिकेत तातडीची सभा. लेम्के शर्ट बदलून गेले. त्यांच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण लोंबत होतं, मी जाता जाता टाका घातला. परतले ते घाम गाळत. फ्राउ टेश मागोमाग आल्या, त्यांना सांगितल्याशिवाय झोप लागली नसती.

"बेडूक काढले, करकोचे काढले, यावेळी घुबडंसुद्धा काढली! महापौरीणबाई म्हणाल्या, एकहार्ट, खाली बॉम्ब असेल तर तुझे बेडूकही उडतील. लोक हसले. तर हा टेबलावर मूठ आपटून बाहेर! उगाच हसले मेले."

लेम्के काउंटरमागे ग्लास पुसत होते. पुसलेलाच ग्लास परत परत. त्यांना बोलून मोकळं व्हायची सवय नाही, हे मला कळतं.

१३ ऑगस्ट, सोमवार

आज जे झालं ते लगेच लिहून ठेवतेय, सकाळपर्यंत थांबवत नाही.

जेवण झाल्यावर दोन ग्लास घेऊन बागेत आले, शेजारी बसले. म्हणाले, "अहो-जाहो पुरे आता. एकहार्ट."

"आल्मुट," मी म्हटलं. हे त्यांना माहीतच होतं, पण तसं म्हणावं लागतं. ग्लासला ग्लास लावला.

मग म्हणाला, "आल्मुट, आपण इथून जाऊ या. डेन्मार्कमध्ये माझ्या चुलतभावाचं समुद्राजवळ घर आहे, रिकामंच असतं. तुला चालायला त्रास नाही, मी गाडी चालवीन. शनिवारी निघू."

"इतक्या घाईने? आणि खानावळ?"

"डोरीन आहे. मी सत्तावीस वर्षं एक दिवस सुट्टी घेतली नाही. एक रात्रही या घराबाहेर झोपलो नाही, तुला खरं वाटणार नाही."

खरं वाटलं. सगळं गाव तेच सांगतं. आणि असा माणूस माझ्यासाठी उठून निघतोय! मी विचार करते म्हटलं. विचार कसला करायचाय, होच म्हणायचंय, पण लगेच म्हटलं तर बरं दिसत नाही.

फोडणी घातल्यासारखे बेडूक तडतडत होते. तो त्या आवाजाकडे पाठ करून बसला होता.

१५ ऑगस्ट, बुधवार

डोरीनने माळ्यावरून शिलाई मशीन काढायला पाठवलं. म्हणजे मला जिना एका पायरीमागे एक पायरी बुडाने चढावा लागला, पण आता जमतं. टेबलावरची कापडं शिवायची होती. मशीनच्या मागे पोत्यात गुंडाळलेला एक कोट मिळाला.

बायकांचा, हिवाळी, गडद निळ्या लोकरीचा. पूर्वेकडचं काम, पण काय काम! आतलं अस्तर हाताने टाचलेलं, खांद्यात आतून जाड कापड घातलेलं, फरची कॉलर सुटी करता येईल अशी. आत कापडाच्या चिठ्ठीवर 'का. लेम्के' असं धाग्याने भरलेलं. खिशात विणलेले हातमोजे.

खाली आणल्यावर डोरीन म्हणाली, "तिचाच. टाकून द्या." पण टाकायला न्यायची वेळ आली तेव्हा बाहीवरून हात फिरवत उभी राहिली. मी म्हटलं, ठेव इथे, मी अस्तर दुरुस्त करते, पुढे तूच वापर, मापाचा आहे तुझ्या. तिने तो माझ्या मांडीवर ठेवला, म्हणजे चालेल.

दिवसभर तो कोट मांडीवर होता. एक गोष्ट मनातून जाईना. अशी वस्तू बाई महिनोन् महिने पैसे साठवून शिवून घेते. नोव्हेंबरमध्ये कायमची घर सोडणारी बाई हा कोट आणि हातमोजे मागे कशी ठेवेल? बहुधा प्रेमात असली की थंडी वाजत नसावी.

१६ ऑगस्ट, गुरुवार

दुपारच्या जेवणाला आम्ही तिघंच. मी आपलं सहज, शिवणकामाच्या अंगाने म्हटलं, "तो कोट बघितलास का एकहार्ट? नोव्हेंबरात असा कोट कोण विसरून जातं?"

त्याचा काटा ताटावर थांबला. "कुठला कोट?"

डोरीनने खुर्चीच्या पाठीवरून उचलून दाखवला. त्याने पाहिलं आणि पाणी प्यायला. "तिला काय गरज? त्या माणसाची मोठी गाडी दारात उभी होती, आत हीटर चालू. बसली आणि गेली."

डोरीन म्हणाली, "त्याची गाडी?"

"मग?"

"आपली ओपेल नेली ना तिने? तुम्हीच सांगितलंत. पोलिसांतही तेच सांगितलंत."

तो हसला. "तीच. आपलीच. तो चालवत होता. सत्तावीस वर्षं झाली, कोण कुठल्या गाडीत बसलं, मी काय वहीत लिहून ठेवलंय?"

"मोठी गाडी म्हणालात."

"डोरीन, सूप निवतंय."

ती उठून गेली. बिचारा. घाव जुना झाला म्हणून काय दुखत नाही? मीच मूर्ख, तो विषय काढला. त्याची माफी मागितली. त्याने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला, काहीतरी मोजत असल्यासारखा. मग म्हणाला, "उद्या सकाळी नावेतून चल. पलीकडच्या वाळूच्या बेटावर राखी बगळे उतरलेत, शेकड्यांनी. लोक उठायच्या आत गेलं तर उडत नाहीत. आपण दोघंच."

"आणि हा गुडघा?"

"उचलून ठेवीन नावेत. पोहता येतं ना?"

"या पायाने? आंघोळीचा टब सुद्धा पार होणार नाही!"

तो हसला. निळा ब्लाउज इस्त्री करून ठेवला आहे.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

सहाला खाली उतरले. धुकं नाही, पण उजेड अजून कच्चा. एकहार्ट नावेपाशी उभा होता, अंगावर केशरी जीवरक्षक जाकीट. "माझं?" मी गमतीने विचारलं. म्हणाला, दुसरं ओलं आहे, वाळत घातलंय. आणि मला स्वतःला नीट पोहता येत नाही, म्हणून घालतो, हसू नकोस. नदीकाठी जन्म गेला आणि पोहता येत नाही! हसलेच.

त्याने मला उचलून मागच्या फळीवर बसवलं. दोर सोडायला वाकला, तोच डोरीन बागेतून आली. झोपेचे कपडे, वर तो निळा कोट. ऑगस्टमध्ये! न बोलता नावेत उतरली आणि मधल्या फळीवर बसून तिने एक वल्हं हातात घेतलं.

"तू कुठे?" एकहार्ट म्हणाला.

"बगळे बघायला."

"नावेत दोघांचीच जागा आहे."

"लहानपणी पाच जण बसायचो."

"डोरीन, उतर खाली."

"तुम्ही उतरा, मी नेते त्यांना."

बापलेकीचा तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. दोघंही हळू बोलत होते. मला अगदी मधे सापडल्यासारखं झालं. शेवटी तोही बसला, दुसरं वल्हं घेऊन. डोह इतका उतरलाय की कडेला नुसता चिखल; नदीत जाणारी पाण्याची वाट आता मधूनच आहे. तो भिंतीलगत न्यायला बघत होता, नाव गाळात घासत होती. डोरीन मधे ओढत होती.

"मधे नको," तो म्हणाला.

"पाणी मधेच आहे, बाबा."

तिने जोरात वल्हं मारलं आणि ते खाली कशावर तरी आपटलं. दगडावर आपटल्याचा आवाज नव्हता. पातेलं पालथं घालून वर थाप मारावी तसा, पोकळ.

तिने परत मारलं. तोच आवाज. मग थोडं पुढे, मग डावीकडे. सगळीकडे तोच.

"जुना नांगर असेल," एकहार्ट म्हणाला.

"एवढा सपाट?"

त्याने तिच्या हातून वल्हं काढून घेतलं आणि नाव मागे वळवली. बगळे राहू देत, वारा सुटतोय, म्हणाला. वारा नव्हता. त्याच्या कपाळावरून घाम टपटपत होता, जाकिटाचे बंद आवळलेले. डोरीन त्याच्याकडे तोंड करून बसली. काठावर आल्यावर तिने मला उतरवलं, त्याने नाही.

सकाळ फुकट गेली. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. डेन्मार्कला कोणता स्वेटर न्यावा ठरत नाही.

१८ ऑगस्ट, शनिवार

काय लिहू? होईल तसं लिहिते.

सामान भरून मी बाकावर बसले होते. एकहार्ट गाडीत पेट्रोल भरायला गेला होता. डोरीन मच्छीमारांचे छातीपर्यंतचे रबरी बूट घालून आली, हातात बागेतलं दाताळं. माझ्याकडे न बघता डोहात उतरली. मांड्यांपर्यंत गाळ, मग कमरेपर्यंत पाणी. मधे जाऊन दाताळं ओढायला लागली. ओढायची, चिखल बाजूला, परत ओढायची. मी हाका मारत होते, अगं बॉम्ब असेल, वर ये! ती ऐकेना.

मग थांबली. बाहीने काहीतरी पुसलं. परत पुसलं. तशीच वाकून उभी राहिली.

"डोरीन! काय आहे?"

तिने मान वर केली. "हिरवं आहे," म्हणाली.

मला खरंच काही कळलं नाही. हिरवं, म्हणजे शेवाळं असणार, असंच वाटलं. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. पाण्यात उभ्यानेच खिशातून फोन काढून पोलिसांना पत्ता सांगत होती, बंदर, वार्लेनिट्स, हो, 'आंकर'च्या मागे, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

एकहार्ट परतला तेव्हा बागेच्या फाटकातूनच त्याला ती दिसली असणार. मला वाटलं पळेल. तो आत आला, माझ्या पिशव्यांकडे बघितलं, स्वयंपाकघरात गेला. पोलीस आले तेव्हा तो कांदा चिरत होता. ॲप्रन काढला, घडी घातली. मला म्हणाला, "आल्मुट, तिला सांग, सुपाचा स्टॉक मंद आचेवर आहे. दुपारी चाळीस जणांचं बुकिंग आहे." 

मी हो म्हटलं. अजून कानात तो 'हो' घुमतोय. का म्हटलं मी?

२० ऑगस्ट, सोमवार

काल गाडी वर काढली. गावातले सगळे भिंतीपाशी होते आणि कुणी बोलत नव्हतं, फ्राउ टेशसुद्धा नाही. गाळाने भरलेला एक डबा, बाकी काही नाही. पोलिसबाई डोरीनला आत घेऊन गेली, मी सोबत होते. म्हणाली, आत एकच व्यक्ती होती.

"स्टिअरिंगवर?" डोरीनने विचारलं.

पोलिसबाईने वही मिटली. "नाही. शेजारच्या सीटवर. पट्टा लावलेला होता."

ल्युबेकचा तो माणूसही सापडला, म्हातारा झालाय. फोनवर म्हणाला, मी ठरल्या जागी रात्रभर थांबलो, ती आली नाही. वाटलं, मन बदललं, नवऱ्याजवळच राहिली. मग मी कशाला त्रास देऊ?

डोरीन उठून भांडी घासायला गेली. घासलेलीच.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

माझा जबाब झाला. नावेबद्दल फार विचारलं. कुणी सुचवलं, किती वाजता, जाकिटं किती, पोहण्याबद्दल तो नेमकं काय म्हणाला. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, अहो, आम्ही बगळे बघायला चाललो होतो. पोलिसबाईने खाली मान घालून लिहून घेतलं.

एकहार्टचा वकील म्हणतो अपघात होता. भांडण झालं, तो गाडीतून उतरला, ब्रेक ओढलेला नव्हता, उतारावरून गाडी गेली, तो घाबरला. आणि रागाच्या भरात काही झालं असं धरलं, तरी त्या गुन्ह्याचा खटला भरायची मुदत केव्हाच संपली. ठरवून केलेला खून सिद्ध झाला नाही तर त्याला सोडावं लागेल. नाताळपर्यंत घरीही येईल.

डोरीनने कुलुपं बदलली. रात्री जिन्यावर आवाज झाला की आम्ही दोघी आपापल्या दारात उभ्या असतो.

उर्सेलला फोन करून सगळं सांगितलं. ती 'मी म्हटलं नव्हतं' म्हणाली नाही. नुसती रडत राहिली, आणि मी तिला विचारत होते, अगं, तू का रडतेस?

२१ सप्टेंबर, शुक्रवार

गुडघा बरा झाला तशी घरी गेले होते. आज कारोलाला पुरायचं म्हणून काल परत आले. पाऊस झालाय, डोह भरला. करकोचे गेले.

काल संध्याकाळी डोरीनने विचारलं. तिच्या मनात ते होतंच. "आल्मुट, त्या सकाळी मी नावेत बसले नसते तर?"

"बगळे बघून परत आलो असतो," मी म्हटलं.

ती उठली. मग माझ्या खांद्यावर शाल ठेवून आत गेली. मला खरंच तसं वाटतं. म्हणजे, दिवसा वाटतं.

पाद्रीबाई तरुण आहेत, बाहेरच्या. चार दिवसांपूर्वी त्यांनी डोरीनला म्हटलं होतं, आईबद्दल काहीतरी सांगा, मला बोलावं लागेल. डोरीनला एकही गोष्ट सांगता आली नाही. "मी सगळं फेकून दिलं डोक्यातून," म्हणाली. "तिचा आवाज नाही, वास नाही. ती गेली तेव्हा एकतीसची होती. माझ्यापेक्षा लहान. मी माझ्याहून लहान पोरीवर आयुष्यभर थुंकत आले." मग पाद्रीबाई गावात फिरल्या, दारोदार. कुणालाच काही आठवेना. सत्तावीस वर्षं सगळे एकच गोष्ट सांगत होते, पळून गेलेल्या बाईची. त्या गोष्टीखाली बाकीचं सगळं दबून गेलं होतं.

चर्च भरलं होतं. पाद्रीबाईंनी बायबलमधलं वाचलं, नाव वाचलं, जन्मतारीख वाचली. आणि थांबल्या, पुढे काही नव्हतंच. लोक बुटांकडे बघत होते.

तेव्हा फ्राउ टेश तिसऱ्या रांगेत उठून उभ्या राहिल्या. चर्चमध्ये असं कुणी उठत नाही. हातात रुमाल चुरगाळलेला, आवाज फाटलेला.

"ती दुकानातच खायला लागायची," म्हणाल्या. "पाव घेतला की दारापर्यंतही दम नाही. माझे सुटे पैसे मोजून होईपर्यंत अर्धा पाव पोटात. मी ओरडायची, कारोला, निदान बाहेर तरी जा! तर तोंड भरलेलं, तशीच हसायची. सगळा चुरा काउंटरवर."

डोरीन वळली. "कुठला पाव?"

"काय?"

"कुठला पाव घ्यायची?"

"खसखशीचा."

डोरीनने मान हलवली. पुढे तोंड करून बसली. पाद्रीबाईंनी प्रार्थना सुरू केली, सगळे उभे राहिले. तिने माझी बाही धरली होती, आणि प्रार्थनेच्या आवाजाखाली ती स्वतःशीच पुटपुटत होती, पाठ करत असल्यासारखी, खसखशीचा, खसखशीचा, खसखशीचा.